पुसलेल्या कॅसेटमधली बाई

“मला चोर पकडून नकोय. माझी म्हातारी कुणीतरी पुसून टाकलीय. ती कुणी पुसली, तेवढं सांगा.”

असं म्हणून शिवकांताबाईंनी पिशवीतून एक कॅसेट काढली आणि टेबलावर अशी आपटली, की ग्यानोबाच्या बशीतला चहा हिंदकळला.

लातूरला गंजगोलाईच्या मागं, एका जिन्यावरच्या खोलीत तारामती गोजे यांची कचेरी होती. पाटीवर ‘खाजगी चौकशी’ एवढंच लिहिलेलं. नऊ वर्षं पोलिसात नोकरी करून त्यांनी राजीनामा दिला होता. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चाललं होतं. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नव्या कचेऱ्यांत नवे साहेब, आणि त्या साहेबांना जावई करून घ्यायला टपलेले बाप. नवरदेवांची चौकशी करण्यातच तारामतीबाईंचे दिवस जात. ग्यानोबा हा एस. टी. तून निवृत्त झालेला कंडक्टर, त्यांचा शेजारी. घरी करमत नाही म्हणून तो येऊन बसे, आणि बाई बाहेर निघाल्या की बरोबर जाई.

“म्हातारी म्हंजे?” ग्यानोबानं विचारलं.

“माझ्या वडिलांची आत्या. शरणम्मा.” शिवकांताबाई शाळेत शिक्षिका होत्या. रागातही त्या एकेक शब्द नीट उच्चारत. “मला दोन मुली आहेत. त्यांनी एकदा विचारलं, आई, तुझ्या घरच्या बायकांची नावं सांग. मी तोंड उघडलं आणि गप्प बसले. पणजोबा, खापरपणजोबा, सात पिढ्यांचे पुरुष मला पाठ. बाई मात्र आजीच्या पलीकडं एकही ठाऊक नाही! लाज वाटली. म्हणून सुट्टीत माहेरी गेले, औशाला. टेपरेकॉर्डर नेला. घरातल्या एकेका माणसाला बोलतं केलं. आठ कॅसेटी भरल्या. मुलींसाठी सगळं वहीत उतरवणार होते.”

“आणि ही?”

“ही आठवी. शरणम्मांची. ऐंशी वर्षांची बाई. म्हणाली, यंत्र कसं चालतं ते दाव, आन् तू भाईर जा. मला पोरींशी बोलायचंय, तुझ्याशी न्हाई. सगळ्यांसमोर तिला दोन बटणं दाखवली, लाल आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही एकदम दाबायची. मंगळवारी ती अर्धा तास एकटी बोलली. गुरुवारी पहाटे गेली, लिंगैक्य झाली. घरात माणसांची रीघ. मला कॅसेट ऐकायला आठ दिवसांनी सवड मिळाली. लावली तर काही नाही. नुसती खरखर!”

तारामतीबाईंनी कॅसेट उलटीपालटी करून पाहिली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘शरणम्मा – मुलींसाठी’.

“बाकीच्या सात धड हायत?”

“तिसरीची सुरुवातीची तीन-चार मिनिटं गेलीत. ‘जात्यावरची गाणी’. त्यात माझी आई गायलीय. तिच्यावरही असंच ठळक लिहिलंय.”

“घरात कोण कोण असतंय?”

“भाऊ संगप्पा, मार्केटात अडत्या आहे. वहिनी गंगम्मा. आई शांतम्मा. आणि मडिवाळप्पा गुरुजींचं जाणं-येणं असतं. ते माझ्या वडिलांवर पुस्तिका लिहितायत. वडिलांचं नाव औशाच्या एका चौकाला द्यायचंय. बसवंतप्पा ममदापुरे चौक. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी बावीस दिवस लोकांना जेवू घातलं होतं.” शिवकांताबाई उठल्या. “शरणम्माला त्या चौकाचं नाव काढलेलं खपत नव्हतं. एवढंच मला माहीत आहे.”

त्या गेल्यावर तारामतीबाईंनी खिडकी लावून घेतली आणि ती कोरी कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. ग्यानोबाला पाच मिनिटांत डुलकी लागली.

“उठा ग्यानोबा. ऐका जरा.”

“काय ऐकू? काईच न्हाई त्यात.”

“पुसणाऱ्यानं आवाज भरायची बटणं दाबली, पण आपण बोलला न्हाई. यंत्राचे कान मात्र उघडेच ऱ्हायले. खोलीतलं सगळं ऐकून घेतलंय त्यानं.”

ग्यानोबानं कान लावला. खरखरीच्या मागं खूप लांबून भोंगा वाजत होता. मग घागरी आदळल्याचा आवाज, बायकांचा गलका. एक पुरुषी आवाज तापलेला : “अर्धाच टँकर? अर्धा कुटं सांडून आलास रं?” लगोलग एका बाईची किंकाळी : “गंगम्मावैनी, तुमचा नंबर झाला की! सरका!” आणि या सगळ्याच्या अलीकडं, अगदी जवळ, थांबून थांबून बारीक आवाज येत होता. कट्. कट्. कट्.

“सेल उतरलेत,” ग्यानोबा म्हणाला.

“असंल,” तारामतीबाई म्हणाल्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघं औशाला उतरली. मे महिना. स्टँडवर रांजण होता, पण पालथा. ममदापुऱ्यांच्या गल्लीत दारोदारी घागरींची ओळ लागली होती आणि प्रत्येक घागरीत जागा धरायला एकेक दगड टाकून ठेवला होता.

संगप्पा चाळिशीचा, कपाळावर विभूती, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. बहिणीनं चौकशीला माणसं आणली म्हणून तो आधीच बिनसला होता.

“कॅसेट पुसली, कॅसेट पुसली! पोरासोरांनी बटण दाबलं असंल. आठ दिवसांवर कार्यक्रम हाय आमचा. मंत्री येनार हायत.”

“टँकर कवा येतो तुमच्या गल्लीत?”

“चार दिवसांनी एकदा, तेबी मेहरबानी. आत्या गेल्यापासून एकदाच आलाय, शुक्रवारी. अन् तोबी अर्धा. मी भांडलो त्या डायवरशी.”

“शरणम्मांनी काय सांगितलं असंल?”

“तिचं एकच. पार्वतीकाकू, पार्वतीकाकू. पार्वतम्मा, माझ्या थोरल्या काकांची बायको. काका लवकर गेले. काकू दुष्काळात रागारागानं नायगावला माहेरी गेली, तिकडंच वारली. पंचाहत्तर साली अण्णा स्वतः नायगावला जाऊन आले, तवा कळलं. आम्ही आंघोळी केल्या. झालं. त्यात टेप करण्यासारखं काय हाय?”

गंगम्मानं चहा आणला. शुक्रवारी दहाच्या सुमारास टँकर आला, शेवटची घागर भरेपर्यंत आपण रांगेतून हललो नाही, असं तिनं सांगितलं. ती सातवी शिकलेली. कॅसेटींची नावं शिवकांताबाई सांगत गेल्या तशी तिनंच लिहिली होती.

मडिवाळप्पा गुरुजी ओसरीवर पुस्तिकेची छापून आलेली पानं तपासत बसले होते. शांतम्मांनी पानाचा डबा पुढं सरकवला, तर त्यांनी हात जोडले. “नको अक्का. सुपारी कवळीत अडकते.”

तारामतीबाईंनी पानं मागून घेतली. बासष्ट पानं. बसवंतप्पांचा जन्म, मुंज नसली तरी दीक्षा, व्यापार, दानत. दुष्काळातल्या अन्नछत्राला अकरा पानं.

“गुरुजी, बावीस दिवस, रोज चारशे माणसं. भाकऱ्या कुणी थापल्या?”

गुरुजींनी चष्मा सारखा केला. “आहे ना. पान एकोणचाळीस. ‘स्वयंपाकाची व्यवस्था घरच्या मंडळींनी पाहिली.’”

“मंडळींना नावं हुती का?”

“तशी माहिती कुणी दिली नाही,” गुरुजी पुटपुटले. ग्यानोबाच्या कपाळाची शीर तटतटली. त्याची आई त्याच साली खडी फोडायच्या कामावर होती.

शांतम्मा खांबाला टेकून बसल्या होत्या. पासष्टीच्या, उंच, ताठ. मांडीवर डबा, हातात अडकित्ता. बोलता बोलता त्या सुपारी अगदी पातळ कातरत होत्या. कातरणात केसाएवढा एक धागा आला होता. तो त्यांनी चिमटीत धरून बाजूला टाकला.

“शुक्रवारी तुमी कुठं हुता, अक्का?”

“मी कुटं जानार? पान्याची रांग आता मला झेपत न्हाई. आत पडून हुते.”

“यंत्र कुणी हाताळलं?”

“मला काय कळतंय त्यातलं! मला अक्षरबी येत न्हाई.”

“पार्वतम्मांना येत हुतं?”

“तिला यायचं की. मराठीबी, कानडीबी. शहाणी हुती लई.” अडकित्ता थांबला. “आता मोतीबिंदूपायी कसलं वाचनं आन् कसलं काय.”

“डोळ्यांचं दुखणं वाईट,” ग्यानोबा सहानुभूतीनं म्हणाला.

तारामतीबाई उठल्या. दारात आल्यावर म्हणाल्या, “ग्यानोबा, नायगावची गाडी कवा हाय?”

“नायगाव? नांदेडला जाऊन देगलूरची गाडी धरावी लागंल. पन कशापायी? चोर तर समोर बसलाय, इस्त्रीच्या सदऱ्यात!”

“असंल. गाडी सांगा.”

*

नायगावला पार्वतम्माच्या भावाचं घर सापडायला वेळ लागला नाही. भावजय ज्वारी पाखडत होती.

“मेली?” तिनं सूप खाली ठेवलं. “कोन म्हनतंय? दिवाळीला येऊन गेली की! तिचा दीर आलता एकदा, पंचाहत्तर साली. ह्यांना म्हनला, आमच्या घरापुरती ती मेली समजा. आमी समजलो हुतो की रागानं बोलला.”

“आता कुटं असत्यात त्या?”

“विष्णुपुरीला. कालेजातल्या पोरांची खानावळ चालवती.”

परतीच्या गाडीत ग्यानोबा एकदम म्हणाला, “जित्या बाईच्या नावानं आंघोळ केली, बाई! सगळ्या घरानं!”

विष्णुपुरीला धरणाच्या भिंतीचं काम चालू होतं. गोदावरीच्या पात्रात लांबवर वाळूच दिसत होती. पत्र्याच्या खोलीत तीन चुली पेटलेल्या आणि मधे एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई परातीपुढं बसलेली. पीठ मळताना ती बघत नव्हती, हातानं अंदाज घेत होती. दोन्ही डोळ्यांवर दुधाळ पडदा आला होता.

“शरणम्मा गेल्या,” तारामतीबाईंनी सांगितलं.

पार्वतम्मानं पिठाचे हात पदराला पुसले.

“संक्रातीला भेटली हुती. नांदेडला, डोळ्यांच्या शिबिरात. म्हनली, मरायच्या आत सांगून जाते पोरींना. सांगितलं का?”

“सांगितलं. कुणीतरी पुसलं. तुमी सांगा.”

ती सांगू लागली. बहात्तर साली घरच्या पेवात, जमिनीखाली, साठ पोती ज्वारी होती. अर्धी तिच्या नवऱ्याच्या हिश्श्याची. बसवंतप्पा म्हणे, पेव उघडायचं नाही, भाव अजून चढू दे. खडीच्या कामावरची माणसं दारात येऊन बसत आणि उठून जात. एक दिवस एक बाई उठलीच नाही. त्याच आठवड्यात बसवंतप्पा संगप्पाला घेऊन सोलापूरला गेला. पार्वतम्मानं पेवाची माती स्वतः उकरली.

“बावीस दिवस चूल विझली न्हाई. तेविसाव्या दिवशी दीर आला. त्याच दिवशी जीपमधनं साहेब लोक आले. फोटो काढायचा म्हनले, मालक कोन? ह्यो फुडं जाऊन हुबा ऱ्हायला. आंगावर प्रवासाची धूळ तशीच. जीप गेली. दिवेलागनीला माझ्या हातात लुगड्याचं गठुळं दिलं. उंबऱ्याच्या भाईर पाय पडला अन् मागं कडी लागली.”

ग्यानोबा उठून उभा राहिला. कुणाला तरी मारावं असं त्याला वाटत होतं, आणि ज्याला मारायचं तो मरून गेलेला होता.

“कडी कुणी लावली?” तारामतीबाईंनी हळूच विचारलं.

पार्वतम्मानं तव्यावरची भाकरी उलटली.

“बरं,” तारामतीबाई म्हणाल्या. “समजलं.”

*

औशाला ओसरीवर सगळे जमले. शिवकांताबाई, संगप्पा, गंगम्मा, गुरुजी, शांतम्मा. तारामतीबाईंनी टेपरेकॉर्डर मधोमध ठेवला.

“पहिली गोष्ट. पार्वतम्मा जित्या हायत.”

संगप्पा उभा राहिला. “खोटं! अण्णा स्वतः...”

“अण्णा स्वतः खोटं बोलले. तुमचं अन्नछत्र त्यांचं न्हवतं, पार्वतम्मांचं हुतं. ते बावीस दिवस अण्णा तुमाला घेऊन सोलापूरला हुते, तुमालाबी ठाऊक हाय. पेव तिनं उघडलं, म्हणून तिला भाईर काढलं. पण ते नंतर. आधी कॅसेट.”

त्यांनी बटण दाबलं. भोंगा, घागरी, गलका. संगप्पाला स्वतःचाच आवाज ऐकू आला आणि तो खाली बसला.

“अर्धा टँकर शुक्रवारी आला हुता. म्हंजे कॅसेट शुक्रवारी दहाच्या पुढं पुसली. संगप्पा, तुमच्यावर माझा पहिला संशय. ग्यानोबाचा तर शेवटपर्यंत. पण यंत्र चालू असताना तुमी रस्त्यावर भांडत हुता. गंगम्मावैनी रांगेत. दोघांचे पुरावे पुसणाऱ्यानंच करून ठेवलेत.”

सगळ्यांची नजर गुरुजींकडं वळली.

“गुरुजींना वाचता येतं,” तारामतीबाई म्हणाल्या. “पुसणाऱ्याला येत न्हाई. त्यानं आधी तिसरी कॅसेट घातली. वर ठसठशीत ‘जात्यावरची गाणी’ लिहिलेलं असताना. तीन-चार मिनिटं पुसून झाल्यावर खात्री करायला फुडचं वाजवून पाहिलं, तर भलताच आवाज निघाला. मग आठवी घातली. गुरुजींनी ही चूक केली नसती.”

“पोरांनी...” संगप्पानं तोंड उघडलं.

“पोरं अर्धा तास एका जागी बसून सुपारी कातरत न्हाईत.”

त्यांनी आवाज मोठा केला. गलक्याच्या अलीकडं, अगदी जवळ : कट्. कट्. कट्. ग्यानोबाला आता ते सेल उतरल्यासारखं वाटेना. गुरुजी सुपारी खात नव्हते. ओसरीवर अडकित्ता एकच होता.

शिवकांताबाई आईकडं वळल्या. “आई?”

“आणि अक्का,” तारामतीबाई म्हणाल्या, “मोतीबिंदू तुमाला न्हाई. केसाएवढा धागा तुमाला दिसतो. तुमी पार्वतम्मांचं बोलत हुता. बाकीच्या घरानं जिच्या नावानं आंघोळ केली, तिचे डोळे आज कसे हायत, हे शरणम्माशिवाय ह्या घरात कुणालाच ठाऊक न्हवतं. त्यांनी ते यंत्राला सांगितलं. तुमी दाराआडून ऐकलं.”

संगप्पा भडकला. “आईनं बरोबर केलं! चौकाचा कार्यक्रम तोंडावर आलेला...”

“चौकासाठी न्हाई,” तारामतीबाईंनी त्याला तोडलं. “चौकाचं त्यांना काई पडलेलं न्हाई. पार्वतम्माला मी विचारलं, कडी कुणी लावली. दिराचं नाव घ्यायला ती एक क्षण थांबली नसती. पण ती गप्प बसली. अक्का, शरणम्मानं पोरींना ते नाव सांगितलं. म्हणून तुमी पुसलं.”

शांतम्मांनी डबा मांडीवरून खाली ठेवला.

“मीच लावली,” शांतम्मा म्हणाल्या. आवाज चढलेला होता, रडवेला नव्हता. “त्यांनी सांगितलं, लाव. लावली. ती भाईरनं थापा मारत हुती, शांते, शांते म्हनून. मी आत हुबी. मी बोलले असते तर माझंबी गठुळं भाईर पडलं असतं. बावीस दिवस मीबी बसले हुते त्या चुलीपुढं! माझं नाव कुटं हाय त्या बासष्ट पानांत?” त्यांनी लेकीकडं बघितलं. “तुझ्या पोरी मला आज्जी आज्जी करत येत्यात. त्यांनी ह्ये ऐकावं? यंत्रातनं, मेलेल्या बाईच्या तोंडून?”

“तुझ्या तोंडून ऐकलं असतं की त्यांनी!” शिवकांताबाईंचा संयम सुटला. “मी तुझ्यासमोर यंत्र धरलं तेव्हा तू गाणी गायलीस, आई! अकरा वर्षं एक बाई जिवंत असून मेलेली आहे, आणि तू गाणी म्हटलीस! अण्णांनी तिचं अन्न चोरलं. तू तिचं नाव चोरलंस, दोनदा.”

शांतम्मांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

गुरुजींनी पानांची चळत उचलली. “संगप्पा, माझं लेखक म्हणून नाव यातून काढा.”

“छापून झालंय, गुरुजी! मंत्र्यांची तारीख...”

“तर पहिलं पान फाडा,” म्हणत गुरुजींनी ते स्वतःच फाडलं आणि चपला शोधू लागले.

संगप्पानं कार्यक्रम मात्र रद्द केला नाही. आता मागं फिरता येत नाही, असं तो तीनतीनदा म्हणाला. लोक काय म्हणतील, मंत्री काय म्हणतील. काकू आता कशी असंल, हे त्यानं एकदाही विचारलं नाही.

*

चौकाच्या कार्यक्रमाच्या दिवशी नांदेडहून विष्णुपुरीला आलेल्या गाडीतून सहा माणसं बरोबर उतरली. शिवकांताबाई, त्यांच्या दोन्ही लेकी, तारामतीबाई, ग्यानोबा, आणि सगळ्यांच्या मागून, कुणी बोलावलं नसताना आलेल्या शांतम्मा.

“तिकडं नारळ फुटला असंल आता,” ग्यानोबा धुमसत म्हणाला. “ब्यांड वाजत असंल. कसं सहन करता तुमी, बाई?”

“करत न्हाई,” तारामतीबाई म्हणाल्या. “पण पाटी सरकारची, वही ह्या पोरींची. आपलं काम वहीचं.”

पार्वतम्मानं पोरींना जवळ बसवून त्यांच्या तोंडांवरून हात फिरवला. दारात अजून एक बाई उभी आहे, हे तिला पावलांवरून कळलं असावं. तिकडं तिनं मान वळवली नाही.

शिवकांताबाईंनी वही उघडली. “काकू, पहिलं नाव तुमचं लिहिते.”

“माझं कशाला पैलं?” पार्वतम्मा करवादली. “पेव मी उघडलं. चारशे मान्साच्या भाकरी काय म्या एकटीनं थापल्या? लिही. मी सांगते तशी लिही.” ती पिठाच्या बोटांवर मोजू लागली. “कोंडाबाई. वडाराची रुक्मीन. जैनबबी. सटवाबाई, तिचा मालक खडीच्या कामावर मेला त्याच साली. शेजारच्या दोघी, थोरली गंगम्मा, धाकली गंगम्मा. केवळाबाई. हरनाबाई.” बोट थांबलं. “आनखी एक हुती. नववी. डावरी हुती, डाव्या हातानं थापायची. अगं, काय बरं नाव तिचं... ”

तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पुन्हा तिथंच अडलं. ग्यानोबाला उगाच वाटलं, की ती बाई आता कायमची गेली.

“इठाबाई,” दारातून आवाज आला. “तान्हं लेकरू हुतं तिच्या काखेत.”

पार्वतम्माचा हात परातीवर तसाच राहिला. तिनं दाराच्या दिशेनं तोंड फिरवलं आणि त्या धूसर डोळ्यांनी किती तरी वेळ तिकडं बघत राहिली. आत ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

“हाव,” ती शेवटी म्हणाली. “इठाबाईच.”

आणि शिवकांताबाईंकडं वळून म्हणाली, “लिही.”